दोष आढळला नाही

बातुमीत आम्ही चौघांनी तो एकाच हिवाळ्यात घेतला.
तोच काळा देह, तेवढाच जड,
सहा कोटी दहा लाख ठिपके
पोस्टाच्या तिकिटाएवढ्या काचेवर.
नुक्रीने कर्ज काढलं. झाझाने मोटरसायकल विकली.
वाझाकडे निवृत्तीचे पैसे होते,
तीस वर्षं पुलांचे बोल्ट तपासल्याचे.
आणि मी, दुरुस्तीच्या टेबलामागची नातेला,
गिऱ्हाइकाने परत न नेलेला एक
हप्त्याहप्त्याने माझा केला.

गुरुवारी शटर अर्धं ओढून बसायचो.
चहा, संत्र्यांची सालं, तक्रारी.
तक्रारी तरी किती लाडाच्या!
एक फोटो सव्वाशे एमबीचा,
लॅपटॉप असा घरघरतो की शेजारीण भिंत ठोकते.
बॅटरी दुपारीच मान टाकते.
झाझा डोंगरावरून बंदराचा फोटो काढून आला
आणि मोठा करत, करत, करत गेला:
तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेला मोजा,
मोज्याला भोक.
"अरे, मी चार किलोमीटर लांब होतो!"
अशा आनंदाने सांगत होता, जणू भोक त्यानेच पाडलं.
नुक्रीच्या लग्नाच्या अल्बममध्ये
नवरीच्या मावशीने स्वतःची हनुवटी पाहिली आणि अल्बम मिटला.
म्हणाली, "देवालाही इतकं दिसत असेल,
पण तो छापून देत नाही."

वाझा हसला नाही.
सगळे गेल्यावर त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला.
"हा धूसर काढतो."

मी तपासला. लेन्स बदलून पाहिली,
फोकस जुळवला, सेन्सर पुसला,
तिपाईवर लावून समोरच्या भिंतीची वीट न् वीट टिपली.
विटांमधल्या चुन्यात एक मुंगी निघाली, तिच्या पायांसकट.
पावतीवर लिहिलं: दोष आढळला नाही.
महिन्याने पुन्हा आला. पुन्हा तेच लिहिलं.
तिसऱ्यांदा त्याने तो टॉवेलात गुंडाळून आणला,
तापातलं मूल आणावं तसा.

"इथेच काढ एक," मी म्हणाले. "माझा काढ."
त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.
मी लेन्सकडे बघायला हवं होतं.
मला दिसला पट्टा,
गळ्याखाली लोंबणारं त्याचं टोक.
ते हलत होतं.
आणि खिडक्या बंद होत्या.

त्याचा जुना कॅमेरा बारा मेगापिक्सेलचा, मायाळू होता;
एवढं तेवढं पोटात घालायचा.
ह्याच्या पोटात काही राहत नाही.

तिबिलिसीच्या डॉक्टरने विचारलं, कधीपासून?
लामारा म्हणाली, नव्या वर्षापासून, सूप सांडलं तेव्हापासून.
वाझा म्हणाला, काही नाहीच.
मग मी त्याची हार्ड डिस्क घरी आणली
आणि दोन रात्री मागे मागे जात राहिले,
प्रत्येक फोटो पूर्ण मोठा करून.
चहाच्या पेल्याला दोन कडा.
पुलाच्या तारा, प्रत्येकीला एक सावत्र तार.
मॅग्नोलिया, कबुतरं, सगळी जोडीने.
आणखी मागे. एप्रिल.
समुद्राकाठी नात, तेकले, गोट्यांवर उभी,
पापण्या दोन-दोन.
त्याच्या आदल्या दिवशीचा फोटो:
पापण्या एकेक. मोजता येतील अशा.

तारीख मी एका चिठ्ठीवर लिहून दिली.
डॉक्टरने म्हणे ती फाइलला टाचली.

नुक्रीने चांगली किंमत देऊ केली. वाझाने विकला नाही.
लामाराने राजम्याची पिशवी शिवून दिली आहे,
ती कठड्यावर ठेवायची, तिच्यात कॅमेरा बसवायचा,
दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचे.
समोरच्या इमारतीचे मोजे आता त्यालाही दिसतात.

परवा तो तेकलेचा फोटो छापून घ्यायला आला.
मोठा हवा, भिंतीएवढा.
मी विचारलं, थोडा धारदार करू का, हल्ली होतं तसं,
कळणारसुद्धा नाही कुणाला.
तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"नको," म्हणाला.
"मला वाटलं होतं, त्या दिवशी वारा आहे."