हॉल टीव्ही

राऊटरचे चारही दिवे हिरवे.
म्हणजे सप्लाय आहे.
बत्तीस वर्षं रबाळ्याच्या प्लान्टमध्ये
हेच केलं, आधी सप्लाय बघ,
मग वायर, मग माणूस.

फोनवर फाइल दिसते.
टीव्हीचं नावही दिसतं: हॉल टीव्ही.
दाबतो. गोल फिरतं, फिरतं,
फोन म्हणतो, चालू आहे.
टीव्ही काहीच म्हणत नाही.
त्याच्या काळ्या काचेत मी
आणि मागे सोफ्यावर वनिता, वाटाणे सोलत.

पहिल्या रात्री राऊटर काढून तीसपर्यंत मोजलं.
दुसऱ्या रात्री टीव्ही काढून साठपर्यंत.
तिसऱ्या रात्री पुण्याला लेकीला फोन.
बाबा, दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत का?
एकाच घरात आहेत, म्हटलं.
तेवढं पुरत नाही, म्हणाली.
वनिताने मान वर न करता
पुढची शेंग घेतली.

इन्स्ट्रुमेंटवाल्याला शून्याची भीती नसते.
आमचं शून्य चार मिलिअँपचं,
काटा तळाला, पण तारेत जीव.
त्याच्याही खाली गेलं तर समजायचं
कुठेतरी तुटलंय.
या पडद्यावरचं शून्य कुठलं
ते कळेना. मीटर लावायला जागाच नाही.

फाइल कसली, तर कबड्डी.
शहाण्णव सालची कंपनीची फायनल,
इन्स्ट्रुमेंट विरुद्ध बॉयलर हाउस.
स्टोअरच्या मुश्ताकने मेहुण्याच्या कॅमेऱ्यावर घेतलेली,
निम्मी वाकडी.
ठाण्याला गोखले रोडवर कॅसेट दिली,
सहाशे रुपयांत अख्खी दुपार
हार्ड डिस्कवर भरून मिळाली, बुरशीसकट.
आता ती राऊटरच्या पाठीला लटकलीय
आणि रोज तेच:
दाबायचं, चार मिनिटं वाट बघायची,
शिवी घालून बंद करायचं.

चौथ्या संध्याकाळी बेल.
शेजारचा बिजू, गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड.
अंकल, तुमचं काही आहे का ते?
आमच्या टीव्हीवर रोज साडेआठला
आपोआप कबड्डी लागते.

गटाराच्या खोदकामात त्यांची केबल तुटली होती,
तेव्हा पासवर्ड मीच दिला होता.
त्यांचा टीव्ही अजून आमच्याच राऊटरवर.
त्याचंही नाव हॉल टीव्ही.
ऐरोलीत सगळ्यांचेच हॉल, सगळ्यांचेच टीव्ही,
नाव बदलतंय कोण?
यादीत दिसत होता तो त्यांचा.
आमचा कधी नव्हताच.

सॉरी म्हटलं. बंद करतो म्हटलं.
नको नको, बिजू म्हणाला, अम्मा बघते.
गुडघा बदलल्यापासून खुर्चीतच असते.
विचारते, तो लाल बनियनवाला
रेषा ओलांडून आत जातो
आणि रोज तिथेच का थांबतं?
परत येतो का तो?

लाल बनियन म्हणजे मी,
हे काही सांगितलं नाही.
ऑपरेशनच्या आधी जिन्यात
तिची भाजीची पिशवी उचलायचो,
दोन मजले, मध्ये एकदा थांबून, धापा टाकत.
तिने ओळखलं नाही यात तिची चूक नाही.

साडेआठला दाबलं.
आमचा पडदा काळा.
सिडकोची भिंत सिग्नल अडवते,
आवाज नाही अडवत.
पलीकडून आधी शिट्टी आली,
मग मुश्ताकचं खोकणं, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ,
मग लांबून, बारीक,
चौतीस वर्षांचा एक आवाज
कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी
वनिताचे हात थांबले.

चार मिनिटं झाली.
बोट फोनवर होतं ते उचललं.

पुढचं मला पाठ आहे.
बॉयलरचा घरत घोटा धरतो,
अंगावर चार जण,
रेषा वीतभर लांब.
तरी बसलो दम धरून सोफ्याच्या टोकाला,

भिंतीपलीकडून अम्माचं
अय्यो
आलं, तेव्हा सोडला.