साडेचार सूत

ट्रक घरी आला तो स्कूटरवरून.
एकदम नाही.
पहिल्या रविवारी कार्ब्युरेटर, जुन्या लुंगीत गुंडाळून,
मग डायनमो, मग ब्रेकची सिलिंडरं
पायांमध्ये, नारळांच्या पिशवीत.
इंजिनाचा ब्लॉक तेवढा गोकुळदासच्या मासळीच्या टेम्पोतून,
त्यामुळे मयेतल्या आमच्या अंगणात आठवडाभर
लढाईचा नाही,
बांगड्याचा वास.

सांगाडा अजून तिथंच, बंद खाणीच्या वजनकाट्यामागं,
सीटमधून घाणेरी उगवलेली.
रखवालदारानं चौदा हजार मोजून घेतले.
‘घेऊन काय करणार?’
एवढं मात्र फुकट विचारलं.

एकतीस वर्षं मी नारव्याच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं.
खालच्या खोलीत. नदी दिसली नाही,
घंटा ऐकली : एक ठोका पुढं, दोन मागं.
निवृत्त झाल्यावर काठावर जाऊन बसलो दोन दिवस.
नदी चांगली आहे.
पण तिला उघडता येत नाही.

माझे सगळे पाने मिलिमीटरचे.
चौदाचा चढेना, पंधराचा घसरून नटाच्या कडा खाई.
डिचोलीला मेस्त फिलोमेनोच्या लेथवर नट नेला.
त्यानं तो चष्मा न लावताच बोटांत फिरवला,
तांदळात खडा लागावा तसा थांबला :
‘साडेचार सूत.’
भिंतीवरचा पाना काढून दिला.
‘परत आण. मी असलो तर माझ्या हातात,
नसलो तर ह्याच खिळ्याला.’
त्या संध्याकाळी पाना नटावर बसला, अगदी गप्प.
सूत जुळतं म्हणतात ते हे असावं.

ब्लॉक खरवडला. वर खाणीची लाल माती,
तिच्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली आणखी एक हिरवा, जरा निराळा.
कुणाचं लष्कर, कुठली लढाई, काही लागेना.
शेवटी नुसतं बीड.

बारा व्हॉल्व. दांडीला रबरी चोखणी,
तळहातांत रवीसारखी फिरवत राहायचं
करकर मऊ होईपर्यंत,
राखाडी कडं अखंड उमटेपर्यंत.
संध्याकाळी दोन. तिसऱ्याला खांदा नाही म्हणतो.

फ्लोट बुडत होता. पितळी, कुठंतरी भोक,
डोळ्यांना न दिसणारं.
गरम पाण्यात धरला.
‘दुधाचं पातेलं आहे ते,’ शालन म्हणाली,
आणि बुडबुडाही तिनंच आधी पाहिला :
‘हा बघा. इथून सोडतोय श्वास.’

चौथा पिस्टन अडकलेला. डिझेल, ब्रेक ऑइल
आणि एकोणीस दिवस.
रोज सकाळी पोदेराचा भोंपू वाजून गेला
की लाकडाचा ठोकळा ठेवून एकच हलका घाव.
विसाव्या दिवशी केसभर सरकला.
कुणाला सांगितलं नाही. चहा दोनदा प्यालो.

ऑइल सोडायच्या बोल्टाखाली वॉशर नव्हता,
नाणं होतं.
पोर्तुगीज अमदानीतला एक टांगा,
मधोमध भोक, काठ कानशीनं घासलेले,
मोठ्या सफाईनं.
कुणीतरी घाईत होता, पण गबाळा नव्हता.
दुकान दूर असेल. किंवा बंद.
किंवा सरकारच बदललं असेल त्या आठवड्यात,
आणि नाणं एवढ्याच कामाचं उरलं असेल.

नवा वॉशर म्हापशाला सात रुपयांना मिळतो.
आणलाय. डब्यात आहे.
नाणं चिमट्यात धरून लाल केलं, पाण्यात टाकलं.
पोलाद अशानं कडक होतं. हे मऊ पडतं.
मऊ पडलेलं पुन्हा होतं तिथं बसवलं,
बोल्ट आवळला, ऑइल ओतलं, खाली वर्तमानपत्र पसरलं.

सकाळी एक थेंब.
हवामानाच्या अंदाजावर.
अजून अर्धा आटा लागेल.

‘तो पाना परत द्यायचाय ना?’ शालननं विचारलं.
‘लेथ चार दिवस बंद आहे म्हणे.’

मी वाकलो.
अर्धा आटा आवळायला
नको तेवढा वेळ घेतला.