शेरा

शिरोलीच्या फौंड्रीत सोळा वर्षं
मी कास्टिंग ठोकून बघत होतो.
छोटी हातोडी, कान जवळ.
चांगलं असलं की घंटेगत वाजतं,
तडा असला की भद्द.
खडूनं फुली मारायची, बाजूला.
माझ्या सहीशिवाय एक ब्रॅकेट पुण्याला गेला नाही.

मग शेडचा पत्रा, पाय, दहावा मणका.
ते सांगून झालंय सगळ्यांना.

आता महिन्याला तस्नीम मुजावर मॅडम घरी येतात,
कापसाचा बोळा आणि टाचणी घेऊन
खांद्यापासून खाली उतरतात.
"डोळे मिटा. टोचतंय का मऊ?"
टोचतंय.
टोचतंय.
मऊ.
बेंबीपाशी बराच वेळ काहीच नाही.
मी म्हणतो, "करा की सुरू."
"झालं, साताप्पा. घोट्यापर्यंत जाऊन आले."

मग कागद. एक ते सात.
सात म्हणजे आपलं आपण,
एक म्हणजे सगळं दुसऱ्यानं.
जेवण सात. शर्ट सात.
पँट पाच, लोळत, शिव्या घालत.
खाटेवरनं खुर्चीत:
फळी लावायची, दंडावर भार, सरकायचं.
फळी गंगावेशीतल्या सुतारानं घासून दिली,
पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, मेण लाव अधनंमधनं.
"सहा," मॅडम म्हणाल्या, "फळी लागते ना."
"हातोडी मलाबी लागायची,
म्हणून कुणी मार्क कापला व्हय?"
हसल्या. सहाच लिहिलं.

आंघोळ.
लांब दांड्याचा ब्रश पाठीला पोचतो.
गेल्या बुधवारपासनं पोचतो.
शालन दुधाला गेली की
कडी लावून करून बघितलंय, आजसुद्धा.
पण रोज ती पाणी विसणते,
तांब्या पाठीवर ओतते,
आणि जिथं मला कळतं तिथनं
जिथं कळत नाही तिथवर
तिचा हात न थांबता जातो.
तिला ती रेघ माहीत नाही.

"आंघोळ?" पेन टेकलेलं.
"पाठ तेवढी तिलाच घासावी लागते."

सोळा वर्षांत केला नाही
तसला रिपोर्ट.

मॅडमनी न्हाणीकडे बघितलं.
खिळ्याला ब्रश, खाली थेंब थेंब.
चार लिहिलं.
शेऱ्याचा रकाना तसाच ठेवला.
चपला घालताना म्हणाल्या,
"पुढच्या महिन्यात परत विचारणार हं, साताप्पा."