न लागलेला दिवा

योटेबोरीत साडेतीनलाच संध्याकाळ होते.
फाटकाशी गुनवोर तिकीट दाखवते,
हातमोजा दातांनी ओढून काढते
आणि कॅमेऱ्याची गार पाठ गालाला लावते.

सगळ्यांचे मोबाईल उंच, उजेडाकडे.
लाकडी रोलरकोस्टर खडखडत खाली झेपावतो,
किंकाळ्या वाफ होऊन वरच राहतात.
भाजलेल्या बदामांचा वास. एक पोर रडतंय,
सांताची दाढी हातात आली म्हणून.

ती मात्र शोधते न लागलेला दिवा.
लाखांत एखादा.
मागच्या साली पाळण्याच्या छताखाली सापडला होता,
त्याआधी लाकडी सशाच्या कानात.

स्टूरे चाळीस वर्षं शिडी घेऊन इथं फिरला.
रात्री सूप फुंकता फुंकता आकडा सांगायचा:
आज सात गेले.
पेटलेल्यांविषयी कधी एक शब्द नाही.

आता नवे दिवे. जातच नाहीत म्हणे.
दोन तास झाले, बोटं बधिर,
एकही नाही.

दहाला घंटा.
गल्लीगल्लीनं दिवे मालवत येतात,
आधी मोठं चक्र, मग झाडं,
मग तिच्या डोक्यावरची माळ.

"आता मोज," ती म्हणते, कुणाला कोण जाणे,
आणि त्या काळोखाचा
एक फोटो काढते.
फ्लॅश न लावता.