उजेडाला धरून

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर गेली.
एक सूत चुकलं तरी
चकाच्या आवाजावरनं कळायचं,
बघावं लागायचं नाही.

शेअरला आवाज नसतो.

खडेबाजारात जिन्याखाली ऑफिस,
एका अंगाला झेरॉक्स, दुसऱ्या अंगाला स्टॅम्पपेपर.
गुरुसिद्ध म्हणाला, "काका, कोळीचा इश्यू आलाय."
घरी येऊन सांगितलं.
मालन चंदगडची, तिला वाटलं मासेमारी.
मग मी दोन्ही कोपरं हलवून दाखवली
कन्नड कोंबडी कशी असते ते,
आणि आम्ही पोट धरून हसलो.
त्या व्यवहारातली खरी कमाई तेवढीच.

एकशे बेचाळीसचा भाव, एकशे पाचचा लॉट.
माझ्या नावानं एक, तिच्या नावानं एक,
हुबळीच्या पोराच्या नावानं एक.
पुस्तक चारशे पानांचं, इंग्रजी.
मी मुखपृष्ठावरचा कोंबडा बघितला.
तुरा ताठ होता.

तिन्ही लागले.
मालननं पाव किलो कुंदा आणला.
संध्याकाळी कळलं, बाळेकुंद्री टेलरलाही लागला,
गिरणीवाल्या मोनाप्पाला लागला,
अर्ज केलेला आठवत नव्हता त्यालासुद्धा लागला.
पंगतीत गेल्या गेल्या पाट मिळाला
तर आधी वास घ्यावा भाताचा.
आम्ही हात धुऊन बसलो.

त्या दिवशी सकाळी मोबाईल उशीखाली घातला.
कोंबडं झाकलं, तरी दहा वाजायचे ते वाजलेच.
एकशे अठरा.
मग एकशे अकरा.
बोर्ड कन्नडात, फॉर्म इंग्रजीत,
तोटा तेवढा मायबोलीत समजला.

गुरुसिद्धनं चहा मागवला, दुप्पट साखरेचा.
मका महागला म्हणाला, सोयापेंड महागली,
श्रावण तोंडावर आहे, थांबा.
मी थांबलो.
खुडूक कोंबडी बसते तसा बसलो,
खाली काय आहे ते न बघता.
शहाण्णव.

शनिवारी बाजारात यल्लूबाई भेटली, कडोलीची.
बुट्टीत भुसा, भुशात गावरान अंडी.
तिला का सांगितलं कोण जाणे.
मालनपासनंसुद्धा आकडा लपवला होता मी.
ती सुट्टे मोजत म्हणाली,
"विकलं कुणी तुला?"
म्हटलं, कंपनीनं.
"कंपनी म्हंजे कोण? मालकच न्हवं?"
म्हटलं, हो, त्याचाच हिस्सा होता बराचसा.
"मग रोज अंडं घालणारी कोंबडी
बाजारात कोण आणतंय रे?
मी आणीन व्हय?"

मागच्या बाजूला कुणीतरी कोथिंबिरीवर पाणी मारत होतं.

ते चारशे पानांतलं एक पान
मी नंतर पोराकडून वाचून घेतलं.
लिहिलेलं होतं.
स्वच्छ लिहिलेलं होतं, बारीक टायपात,
पैसे कंपनीकडे किती, मालकाच्या खिशात किती.
कुणी फसवलं असतं तर बरं झालं असतं,
शिव्या द्यायला तोंड मिळालं असतं.

अजून विकले नाहीत. शहाणपण म्हणून नव्हे,
विकायला गुरुसिद्धसमोर बसावं लागतं म्हणून.
एकदा लाभांश आला, शेअरमागं आठ आणे,
तीन नावांचे मिळून एकशे सत्तावन्न रुपये पन्नास पैसे.
ते घेऊन यल्लूबाईकडे गेलो.
एकेक अंडं उन्हाला धरून बघायला लागलो,
मायक्रोमीटर धरायचो त्याच दोन बोटांत.
गिऱ्हाइकं मागं खोळंबली.
मला वाटलं, आता ही ओरडणार.

"बघ की," ती म्हणाली,
"बघायला पैसे पडत न्हाईत."

डझनातलं एक गार निघालं.
तिनं ते न बोलता बाजूला ठेवलं,
दुसरं दिलं.
तेही मी उन्हाला धरलं.