पंधरावा डबा

तूप फेसायचं काम माझ्याकडे.
परातीत, तळव्याने, पांढरं पडेस्तोवर.
मनगट भरून आलं की हात बदलायचा,
दिशा नाही,
हा शर्मिष्ठाचा नियम.

बदामाची भरड, काजू त्याहून जाडसर.
पिस्ते तुर्भ्याच्या मसाला मार्केटातले,
यंदा इतके महाग
की प्रत्येक नानकटाईच्या डोक्यावर
अर्धाच.

नेरूळ, सिडकोची बिल्डिंग.
ओट्यावर छताला ओल,
वरच्या गुंजीकरांच्या मोरीची.
चार वर्षं अर्ज, मीटिंगा;
एकदा जिन्यात माझाच आवाज चढलेला.
काल पोपडा पडला,
परातीपासून वीतभर लांब.

ओव्हन लहान, एका खेपेला बारा.
पहिली खेप पसरली, ती घरच्यांना.
दुसरीला भेगा गेल्या
तशी काचेशी वाकून ती म्हणाली, "जमल्या!
भेगाळली नाही तर समजायचं
काहीतरी चुकलं."
मी छताकडे पाहिलं.
तिने माझ्याकडे.

यादीत नावं चौदा, डबे पंधरा.
"मोजायला चुकलीस."
"नाही," म्हणाली, आणि सोनेरी दोऱ्याची
गाठ मारली.

गुंजीकरबाईंनी दार अर्धं उघडलं.
हात चकलीच्या पिठाचे,
म्हणून डबा कोपराने छातीशी धरला,
झाकणाशी नाक नेलं.
"वेलची?"
"जायफळ."
"हां," म्हणाल्या. "रिकामा नाही देणार."
मोरीचं कुणीच काढलं नाही.

खाली आलो.
परातीत नुकताच एक थेंब पडलेला.
शर्मिष्ठाने पाहिलं,
परात अर्धी वीत सरकवली,
आणि म्हणाली,
फेस.