ओल

नेरूळ, सेक्टर दहा, सिडकोची इमारत.
हॉलच्या भिंतीवर बशीएवढा डाग.
दिवाळीला रंग दिला, होळीला पुन्हा वर आला,
आता ताटाएवढा.

तांडेल प्लंबर, करावे गावातला, विशीबाविशीचा,
त्याने सरळ भिंतीला कान लावला.
मला म्हणाला, पंखा बंद करा.
वृंदाला म्हणाला, कुकर.
घर इतकं गप्प कधी झालं होतं?

मी तेवीस वर्षं रबाळ्याला
दुसऱ्यांचे वजनकाटे तपासतो,
किलो म्हणजे किलोच, खाली माझी सही.
संध्याकाळी पाम बीचला सिग्नलवर थांबलो
की वाटतं, आपल्या पारड्यात पडलं काय नेमकं?
हप्ते फिटले. मुलगी पुण्याला.
रक्तात साखर, फार नाही.
कुणावर रागवावं असंही काही नाही,
तीच पंचाईत.

तांडेल वर जाऊन आला, खाली, पुन्हा वर.
"ओल दिसते तिथे नसते, काका.
हे पाणी लांबून येतंय."
किती लांबून?
"फोडल्याशिवाय कसं सांगू."

रविवारी फोडायचं ठरलं.
पाचशे ॲडव्हान्स घेऊन तो गेला.
पंखा लावायचा राहूनच गेला.

रात्री तहान लागून उठलो
तर वृंदा अंधारात, भिंतीला कान लावून.
"येतं ऐकू?"
"श्श."
मीही लावला, तिच्या समोर.
भिंत गार.
थेंब नाही ऐकू आला मला, खरं सांगतो.
तिचा श्वास आला,
आणि वरच्या घरात कुणीतरी
एवढ्या रात्री भांडी जागेवर लावत होतं,
सावकाश,
आवाज होऊ नये म्हणून.